एअर फ्रायर: डब्यावरचं ‘बिनतेलाचं’ आणि टोपलीतलं खरं

चार-साडेचार लिटरची टोपली, ड्रॉवरसारखी ओढून काढायची, वर दोन बटणं किंवा टच पॅनेल, वीज १४०० ते १७०० वॅट. एअर फ्रायर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते हेच यंत्र, आणि हे परीक्षण त्याचंच आहे. मत आधीच सांगून टाकतो: यंत्र चांगलं आहे. मात्र ते ज्या कारणासाठी विकलं जातं, नेमक्या त्याच कामात सगळ्यात लंगडं पडतं.

आत काय आहे ते बघा. वर गोल वळणांची कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा. खाली ड्रॉवर, त्यात भोकांची ताटली किंवा जाळीची टोपली. पंखा गरम हवा खाली लोटतो, ती कडेकडेने तळाशी जाते, तिथल्या उंचवट्यांवर आपटून वर वळते आणि भोकांमधून पदार्थाला खालून लागते. पंख्याच्या ओव्हनमध्येही हेच घडतं. तिथे पोकळी मोठी आणि वारा मंद. इथे पोकळी लहान आणि वारा जोरात, एवढाच काय तो फरक. पोकळी लहान असल्यामुळे तीन मिनिटांत तापतं, मोठ्या ओव्हनला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आणि वारा जोरात असल्यामुळे पदार्थाच्या अंगाला चिकटलेली वाफ लगेच उडून जाते.

कुरकुरीतपणाचं सगळं गणित या वाफेत आहे. वरचा थर ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर सरकत नाही. खरपूस रंग आणि वास देणारी मायार अभिक्रिया (लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं) जोर धरते १४० अंशांच्या आसपास. तेव्हा आधी कोरडं, मग तांबूस, हा क्रम कुणालाही टाळता येत नाही. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या बहुतेक हा क्रम विसरल्यामुळेच होतात.

पंख्याने गरम हवा फिरवायची कल्पना काही नवी नाही; अमेरिकेत १९४०च्या दशकातच विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला असे ओव्हन बनले होते. आजच्या रूपातलं यंत्र फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात आणलं, आणि तेव्हापासून जाहिरातीचा सूर एकच आहे: तेल नको, तळलेलं मात्र हवं.

हा सूर ऐकू येतो तो एका जुन्या फॅशनचा. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने स्निग्ध पदार्थ कमी खायचा सल्ला दिला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ‘फॅट-फ्री’ या शिक्क्याने गाजवली. १९९४ मध्ये मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांच्या नावाचा उतरता ग्रिल आला. मांसातली चरबी घरंगळून समोरच्या तबकात जमायची आणि ती बघून खाणाऱ्याला बरं वाटायचं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओलेस्ट्रा या न पचणाऱ्या कृत्रिम स्निग्धाला चिप्ससाठी परवानगी दिली, तीही पाकिटावर पोटात मुरडा येण्याचा आणि जुलाबाचा इशारा छापायच्या अटीवर. ती लाट कधीच ओसरली. तेलाचा प्रकार आणि प्रमाण बघा, सरसकट घाबरू नका, असं आता आहारतज्ज्ञच सांगतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जायला स्निग्धांश लागतोच. एअर फ्रायरच्या खोक्यावर मात्र ‘बिनतेलाचं’ अजून ठाण मांडून आहे.

आणि त्या खोक्यावर फोटो असतो फ्राइजचा. गोठवलेल्या पाकिटातल्या फ्राइज कारखान्यातच एकदा तेलात तळून निघालेल्या असतात. वरून थेंबभर तेल न घालता त्या खमंग होतात, कारण तेल आधीच आत आहे. कच्चा बटाटा चिरून, बिनतेलाचा टोपलीत टाकला की बाहेरून चामट, आतून कोरडा आणि रंगाने फिकट काहीतरी हाती येतं. पहिल्या आठवड्यात यंत्रावरचा विश्वास उडतो तो बहुतेक वेळा इथेच.

कच्च्या बटाट्याच्या फ्राइज, नीट

पिठूळ जातीचा बटाटा ५०० ग्रॅम; चार लिटरच्या टोपलीत याहून जास्त नको. एक सेंटिमीटर जाडीच्या कांड्या कापा. जाडी सारखी हवी. पातळ टोकं करपतात तेव्हा जाड कांड्या अजून कच्च्याच असतात. पाणी स्वच्छ दिसेतो दोन-तीनदा धुवा आणि अर्धा तास गार पाण्यात ठेवा. वरचा सुटा स्टार्च आणि साखर निघून जाते, त्यामुळे कांड्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि रंग डागाडागांनी येत नाही. पिष्टमय पदार्थ जास्त तापवले की ॲक्रिलामाइड (कर्करोगाचा संशय असलेलं रसायन) तयार होतं हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. भिजवल्याने तेही कमी होतं. तळण्याऐवजी हवेवर भाजलं म्हणून ॲक्रिलामाइड टळतं असं समजू नका. सोनेरी रंगावर थांबा, तपकिरी होऊ देऊ नका.

मग दोन लिटर उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून कांड्या चार मिनिटं उकळा. आम्लामुळे बटाट्याच्या पेशी बांधून ठेवणारं पेक्टिन टिकून राहतं, कांड्या शिजतात पण मोडत नाहीत. (उलट जाड फोडी भाजायच्या असतील तर व्हिनेगरऐवजी अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घाला. पेक्टिन विरघळून कडा भुरभुरीत होतात आणि तो भुरभुरीत थरच नंतर कडक होतो. कांड्यांना सोडा लावलात तर लगदा होईल.) पाणी निथळून कांड्या कापडावर पसरा आणि वाफ निघायची थांबेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, हात लावू नका. ही पायरी सगळ्यांना गाळावीशी वाटते, आणि गाळली की फ्राइज मऊ पडतात.

आता एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल. भांड्यात घालून हाताने चोळा, टोपलीवर नुसतं ओतू नका. ओतलेलं निम्मं तेल भोकांतून खाली जातं. रिकामं यंत्र तीन मिनिटं तापवा. १६० अंशांवर दहा मिनिटं, एकदा जोरात हलवा. मग २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटं, मध्ये दोनदा हलवा. मीठ बाहेर काढल्यावर. आधी घातलेलं मीठ पाणी ओढून वर आणतं आणि वाळवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

तेलाचा हिशेब असा. ५०० ग्रॅम बटाट्याचे भाजून ३५० ग्रॅमच्या आसपास उरतात, त्यात तेल चौदा ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे शंभर ग्रॅमला चारेक ग्रॅम. तळलेल्या फ्राइजमध्ये हाच आकडा १२ ते १५ च्या घरात असतो. बचत खरी आहे आणि ती काही थोडी नाही. फक्त तिची किंमत म्हणजे भिजवणं, उकळणं आणि वाळवणं धरून सव्वा-दीड तास, आणि एवढं करूनही चव उत्तम भाजलेल्या बटाट्याची येते. तळलेल्याची नाही.

असं का होतं? १७० ते १९० अंशांचं तेल पदार्थाला सगळीकडून लपेटतं, प्रत्येक खाचेत शिरतं आणि हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता देतं. पातळ पिठात बुडवलेला काप तेलात पडताच काही सेकंदांत कवच धरतो. तोच काप इथे ठेवा: पीठ धरायच्या आतच भोकांतून ओघळतं, खालच्या पत्र्यावर भाजून चिकटतं आणि काप उघडाबोडका राहतो. पातळ पिठातलं काहीही या यंत्रात करू नका. यावर कुठलीही युक्ती चालत नाही.

कोरडं आवरण मात्र चालतं. कोरडं पीठ, फेटलेलं अंडं, मग ब्रेडचा चुरा. चुरा आधी कढईत एक कप चुऱ्याला एक मोठा चमचा तेल घालून हलका तांबूस परतून घ्या, कारण यंत्रात आतलं शिजेपर्यंत कोरड्या चुऱ्याला धड रंग येत नाही. पिठाचे पांढरे ठिपके राहिले तर तिथे तेल पोचलेलं नाही. मधेच बाहेर काढून त्या जागी थोडं फवारा. असे काप एका थरात, एकमेकांना न चिकटवता मांडायचे आणि अर्ध्यावर उलटायचे.

टोपली अर्धी, कान उघडे

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे ठासून भरणं. हवा फिरायला जागा उरली नाही की खालचे थर एकमेकांच्या वाफेत शिजतात. वर तांबूस, खाली लिबलिबीत. हलवता येण्यासारखा पदार्थ असेल तर टोपली अर्धी भरा, चुऱ्याचं आवरण असलेलं काही असेल तर एकच थर. चार जणांचं जेवण म्हणजे दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत पहिली मऊ पडते. पहिली फेरी दोन मिनिटं आधीच बाहेर काढून ठेवा, शेवटी दोन्ही एकत्र करून २०० अंशांवर दोन मिनिटं फिरवा.

हलकी वस्तू उडते. पालेभाजीची पानं, ब्रेडची स्लाइस, भाजायचा कागद हे सगळं वाऱ्याने वर जाऊन कॉइलला चिकटतं, आणि कागद तिथे पेट घेऊ शकतो. यंत्र रिकामं तापवताना आत कागद कधीही ठेवू नका. ठेवायचाच तर पदार्थाच्या वजनाखाली, आणि भोकं झाकली जाणार नाहीत एवढाच. दोन स्लाइसमधलं वितळतं चीज असेल तर वरच्या स्लाइसमध्ये टूथपिक खोचा. कानावर फडफड आली की लगेच ड्रॉवर ओढायचा.

मसाल्याची पूड, लसणाची पूड, मध किंवा साखरेचं लेपन २०० अंशांवर पाच-सात मिनिटांत काळं आणि कडू होतं. मिरपूड-तिखटही त्यातच. ही सगळी मंडळी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत घाला किंवा तापमान १६० वर आणा.

धूर येतोय? चरबीचं मांस असेल तर वितळलेली चरबी खालच्या गरम पत्र्यावर पडून जळते. पुस्तिकेत मनाई नसेल तर ताटलीखाली दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला. पण पांढरा धूर बटाटा भाजतानाही येत असेल, तर दोष पदार्थाचा नाही, कॉइलवर बसलेल्या जुन्या तेलाचा आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

ओव्हनची कृती वापरायची तर तापमान २० अंशांनी आणि वेळ एक पंचमांशाने कमी करा. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. दाखवलेलं आणि खरं तापमान यांत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. टोपली कुठे जास्त तापते ते बघायला ब्रेडच्या स्लाइस तळाशी पसरून, वर धातूची जाळी ठेवून १८० अंशांवर पाच मिनिटं भाजा; कोपरे-कड्यांचा नकाशा स्लाइसवर उमटतो.

जमतं काय, जमत नाही काय

कोंबडीचे पंख हे या यंत्राचं सगळ्यात सुंदर काम. एक किलो पंख कागदाने पुसून कोरडे करायचे, त्यांना एक मोठा चमचा बेकिंग पावडर (सोडा नाही, सोड्याने साबणासारखी चव येते) आणि मीठ चोळायचं, आणि फ्रिजमध्ये उघडे आठ तास ठेवायचे. कातडी वाळते, अल्कलीमुळे रंग लवकर चढतो. दोन फेऱ्यांत, २०० अंशांवर २२ ते २५ मिनिटं, एकदा उलटून. हाडाजवळ ७४ अंश भरले पाहिजेत; थर्मामीटर वापरा, रंगावर जाऊ नका. यात वेगळं तेल लागतच नाही, कातडीत पुरेसं असतं. ‘बिनतेलाचं’ हे वाक्य खरं ठरतं ते अशाच ठिकाणी.

फ्लॉवरचे तुरे ४०० ग्रॅमला एक मोठा चमचा तेल, १९० अंश, १२ ते १४ मिनिटं: कडा करपतात, देठ कच्चट-गोड राहतो, आणि गॅसवर हे इतकं सहज होत नाही. शेंगदाणे, बदाम १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं. शेवटी लक्ष ठेवा, गार होतानाही ते भाजत राहतात. आदल्या दिवशीचं तळलेलं, भाजलेलं किंवा पिझ्झा परत कुरकुरीत करायला याला तोड नाही: १६० ते १८० अंश, तीन ते पाच मिनिटं. खरं तर निम्म्या घरांत यंत्र यासाठीच वापरलं जातं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रस्सा, भात यांना हा वारा सुकवतो. त्यांचं काम मायक्रोवेव्हचं.

केक होतो, पण वरची कॉइल जवळ असल्यामुळे माथा आधी कडक होऊन फुटतो. १५० अंश ठेवा आणि डब्यावर फॉइल कडेला घट्ट दुमडा. अंडी ‘उकडायची’ कृती तर सोडूनच द्या. १३० अंशांवर पंधरा मिनिटं वीज खर्चून, पाण्यात उकडलेल्या अंड्यापेक्षा वाईट अंडं मिळतं.

बटणांवरच्या चित्रांनाही भुलू नका. माशाचं चित्र, फ्राइजचं चित्र, केकचं चित्र म्हणजे आधी ठरवलेली वेळ आणि तापमान. आत काय ठेवलंय, किती ठेवलंय हे बहुतेक यंत्रांना कळत नाही. फोनवरून चालणाऱ्या मॉडेलचंही तेच. टोपली हलवायला शेवटी उठावंच लागतं. वायफायच्या मोहावर उतारा हवा असेल तर ज्यूसेरो आठवा: २०१६ मध्ये आलेलं हे महागडं रसयंत्र ज्या पिशव्या पिळायचं, त्या नुसत्या हातांनीही पिळता येतात हे ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०१७ च्या एप्रिलमध्ये दाखवलं, आणि सप्टेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला.

कोटिंग आणि कॉइल

यंत्राचं आयुष्य मोटर ठरवत नाही, टोपलीचं नॉनस्टिक ठरवतं. तेही बहुधा वापराने जात नाही, घासण्याने जातं. स्टीलचा चिमटा, तारेची घासणी, आणि बाजारात मिळणारे डब्यातले तेलाचे फवारे हे तीन शत्रू. त्या फवाऱ्यांमध्ये बहुधा लेसिथिन असतं. ते तापून चिकट तपकिरी थर धरतं, तो साबणाने निघत नाही, मग माणूस घासतो आणि कोटिंग सोलतं. साधं तेल पंपाच्या बाटलीत भरून वापरा. गरम टोपली गार पाण्याखाली धरू नका, पत्रा वाकतो आणि कोटिंगला तडे जातात.

नेहमीचं काळं कोटिंग म्हणजे पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन. ते २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतं. यंत्राची कमाल मर्यादा बहुधा २०० अंश असल्यामुळे रोजच्या वापरात काळजीचं कारण नाही. मात्र घरात पक्षी पाळलेला असेल तर यंत्र त्याच्या खोलीत ठेवू नका. जास्त तापलेल्या पीटीएफईची वाफ पक्ष्यांना मारक असते. सिरॅमिक कोटिंगमध्ये हा प्रश्न येत नाही, पण त्याचा न चिकटण्याचा गुण लवकर संपतो.

कॉइल मात्र कुणी साफ करत नाही. प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या, ड्रॉवर बाहेर काढून यंत्र उलटं करा. कोमट साबणपाण्यात पिळलेल्या कापडाने आणि मऊ ब्रशने वळणं पुसा. पाणी थेट ओतू नका. चिकट डागांवर खायच्या सोड्याची दाट पेस्ट वीस मिनिटं लावून ठेवा, मग ओल्या कापडाने पूर्ण पुसा आणि वाळल्यावरच जोडा. नेहमी वापर असेल तर महिन्यातून एकदा हे करावं लागतं. आधी म्हटलेला पांढरा धूर आणि केकला येणारा कालच्या माशाचा वास, दोन्ही इथूनच येतात.

जागेचंही बघा. मागच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर पडते, तिथे भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळे हवेत, वर लाकडी कपाट अगदी टेकलेलं नको. २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर लावू नका. वीज तशी फार लागत नाही: वीस मिनिटांत जास्तीत जास्त अर्धा युनिट, कारण थर्मोस्टॅट मधे मधे कॉइल बंद करतो.

घ्यायचं तर

घरात पंख्याचा चांगला ओव्हन असेल आणि तो रोज वापरात असेल, तर थांबा. वरच्या कप्प्यात तारेच्या जाळीवर पदार्थ ठेवून, सात-आठ मिनिटं जास्त दिलीत की जवळपास हेच मिळतं, तेही दुप्पट प्रमाणात. एकट्या-दुकट्याच्या घरात, ओव्हन नसलेल्या स्वयंपाकघरात किंवा मोठा ओव्हन मूठभर फ्लॉवरसाठी तापवायचा कंटाळा असलेल्यांना हे यंत्र डोळे झाकून चालेल.

लिटरचा आकडा बघून घेऊ नका. तो काठोकाठ मोजलेला असतो आणि काठोकाठ तर कधी भरायचं नाही. तळाचं क्षेत्रफळ बघा. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टोपलीचा तळ ३१४ चौरस सेंटिमीटर, २० बाय २० च्या चौकोनी टोपलीचा ४००. उंची तीच असली तरी सव्वापटीहून थोडं जास्तच मावतं. दोन ड्रॉवरवाली यंत्रं दोन वेगळे पदार्थ एकाच वेळी करतात हे खरं, पण प्रत्येक ड्रॉवर अरुंद असतो आणि दोन्ही चालू केले की काही मॉडेलांत वीज वाटली जाऊन वेळ वाढतो. काचेच्या दाराची, ट्रेवाली मोठी यंत्रं दिसायला छान, पण वारा मंद पडतो आणि ट्रे वर-खाली बदलत बसावं लागतं.

बटणांपेक्षा गोल फिरवायची दोन नॉब असलेलं साधं मॉडेल घ्या, बिघडायला कमी. टोपली आणि ताटली वेगवेगळी होते का ते दुकानातच काढून बघा, ताटलीचे रबरी पाय सुटे विकत मिळतात का तेही विचारा; ते पाय हरवले की ताटली ड्रॉवरचं कोटिंग खरवडत राहते. आणि नवी टोपली सुटी मिळत नसेल तर ते मॉडेल घेऊ नका, कितीही सवलत असली तरी.